काळा कात

अठ्ठावीस सालचा गिरण्यांचा संप सहा महिने चालला, आणि तेवढे दिवस सावर्ड्याच्या आसपासच्या वाड्या मुंबईहून परतलेल्या पुरुषांनी भरून गेल्या. केरू त्यांतलाच एक. अकरा वर्षं तो मुंबईत कापडाच्या गिरणीत होता. पहिली चार वर्षं बदली कामगार म्हणून गिरणीच्या दाराशी ताटकळण्यात गेली, मग कुठं त्याच्या नावावर कायमचे दोन साचे, म्हणजे माग, लागले. त्याच्या तळेवाडीची वीस-बावीस माणसं मुंबईत होती, पण कायमचे साचे असलेला तो एकटाच. त्यामुळे वाडीत त्याच्या बोलण्याला वजन होतं, आणि ते आप्पाशेटला ठाऊक होतं.

आप्पाशेट गोवळकोटच्या बंदरात लाकडाचा आणि कौलांचा व्यापार करायचा. त्या वर्षी त्यानं तळेवाडीच्या आजूबाजूच्या खोतांची खैराची रानं तोडीला घेतली होती. श्रावणात त्यानं केरूला बोलावून घेतलं आणि ओटीवर बसवलं. कुळवाड्याला शेटच्या ओटीवर बसायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नव्हे.

"मुंबईत पान खातोस ना?" शेटनं विचारलं. "त्या पानाला लागतो तो कात कुठनं जातो? आपल्याच डोंगरांतनं. कातोडी मडक्यांत शिजवतात आणि दलाल फुकटावारी उचलून नेतात. मी इथं कारखाना काढतोय. पन्नास-साठ माणसं लागतील. चाळीतली खोली नको, खाणावळ नको. घरची भाकर खाऊन कामावर यायचं आणि दिवेलागणीला परत घरी."

"मला कात शिजवायला येत नाय, शेट."

"शिजवायला कातोडी आहेत. मला माणसं वेळेवर उभी करणारा पाहिजे. गिरणीची शिस्त अंगात मुरलेला. तू मुकादम."

केरू घरी आला तो सगळा वेळ पडवीत फेऱ्या मारत राहिला. अकरा वर्षांत बायकोबरोबर, गोदाबरोबर, सलग दोन महिने तो कधी राहिला नव्हता. संपामुळे राहिला, तेव्हा त्याला कळलं की आपल्या गाईला कोणत्या हाकेला वळायची सवय आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. गोदानं जेवताना विचारलं, "शेट काय म्हणला?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "साचे गेलं तर परत मिळतील?"

"नाय मिळायचं."

"मंग नीट इचार करा."

त्यानं विचार केला, पण तो राहण्याच्या बाजूनंच. दसऱ्याच्या सुमारास संप मिटला. माणसं बोचकी बांधून दाभोळच्या आगबोटीकडे निघाली. केरू निघाला नाही. उलट त्यानं घरोघर जाऊन बाबल्याला आणि आणखी नऊ जणांना थांबवून घेतलं. बाबल्या त्याच्याच खात्यात कामाला होता, त्याच्याच खोलीत राहायचा. तो म्हणाला, "केरूदादा, तू राह्यलास तर मी राह्यलो. मला काय कळतंय त्यातलं." पुढं हे वाक्य केरूला फार दिवस आठवत राहिलं.

कारखाना म्हणजे ओढ्याकाठी गवतानं शाकारलेला एक लांबच लांब मांडव. आत जमिनीत खणलेले चुलीचे चर, बाजूला लाकडाच्या डोणी, आणि पलीकडे वड्या वाळवायची माळ्यांची शेड. सगळं उभं राहिलं, माणसं जमली, पण कात कोणालाच शिजवता येईना. मग शेट केरूला म्हणाला, "त्या धाकूला घेऊन ये."

धाकू कातकरी, शेटच्या तोंडी कातोडी. डोंगराच्या अंगाला त्यांची दहा-बारा खोपटी होती. धाकूचा बाप, आजा, सगळे पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेले. पाऊस सरला की रानात जायचं, खैराच्या झाडाला हात जोडायचे, मग कुऱ्हाड घालायची, आणि तिथंच मडकी मांडून कात काढायचा. केरू गेला तेव्हा धाकू खोपटाबाहेर उकिडवा बसून कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. वयानं तो केरूपेक्षा वीस वर्षांनी मोठा असेल. केरूनं त्याला धाकू म्हणूनच हाक मारली. तशीच पद्धत होती.

"शेटनं बोलावलंय, धाकू. कारखान्यात कात शिजवायचाय."

"आमचा आमी शिजवताव की, दादा."

"कशाचा शिजवशील? खैर समदा शेटनं घेतलान. आता रानात कुऱ्हाड घातलीस तर चोरी व्हईल."

धाकूनं दांडा ठोकायचा थांबवला. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो डोंगराकडे बघत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "डोंगूर पन घेतलान?"

"डोंगूर नाय. झाडं."

"झाडं गेली मंग डोंगराला काय करू?"

केरू म्हणाला, "तुला नुसतं बघायचं हाय. लाकूड शेटचं, चूल शेटची, माणसं माझी. तुझे नुसते डोळे." दुसऱ्या दिवशी धाकू आला. बरोबर त्याची बायको मैना आणि खोपट्यांतली आणखी पंधरा माणसं आली.

धाकूचे डोळे म्हणजे काय चीज आहे हे केरूला पहिल्याच हंगामात समजलं. बायका खैराची साल आणि पांढरं लाकूड तासून टाकायच्या, आतला लाल गाभा पुरुष फोडायचे, त्याच्या ढलप्या मडक्यांत उकळत राहायच्या. रस काढून तो पुन्हा आटवायचा. इथवर कोणीही करील. पण तो आटवलेला रस चुलीवरनं उतरवायचा कधी, हे एकट्या धाकूला कळायचं. तो पळसाच्या पानावर थेंब टाकायचा, पान तिरकं करायचा, थेंब कसा ओघळतो ते बघायचा. कधी बघायचाही नाही, नुसता उकळीचा आवाज ऐकून म्हणायचा, "उतरव." जरा आधी उतरवला तर वडी धरत नसे, जरा उशीर झाला तर करपट वास येई. डोणीत ओतलेला रस थिजायला लागला की त्याचा रंग असा यायचा, की बघत राहावं. गोदा वड्या पाडायच्या कामावर होती. तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले, आणि हंगाम संपला तरी ते लालच राहिले.

तीन हंगाम बरे गेले. तळेवाडीत दिवाळीपासून वैशाखापर्यंत पुरुष दिसू लागले. सकाळी केरू मांडवाच्या दाराशी लोखंडाच्या तुकड्यावर टोले द्यायचा आणि वाड्यावाड्यांतून माणसं पायवाटेनं यायची. त्याला ते बघायला आवडायचं. मुंबईत तो भोंगा ऐकून धावणाऱ्यांतला होता, इथं टोला त्याच्या हातात होता. उशिरा येणाऱ्याला तो दारातनं परत पाठवायचा. एकदा बाबल्यालाही पाठवलं. बाबल्या हसला आणि गेला, पण त्यानंतर त्यानं 'केरूदादा' म्हणायचं सोडून 'मुकादम' म्हणायला सुरुवात केली.

चौथ्या हंगामात, एकतीस सालच्या शेवटी, घोळ झाला. मंदी आली होती, मुंबईचा व्यापारी शेटकडे दुप्पट माल मागत होता आणि तोही स्वस्तात. मडकी फुटायची, तांब्याची भांडी परवडत नव्हती. शेटनं घाटावरच्या एका बंद पडलेल्या गुऱ्हाळातून लोखंडाच्या सहा मोठ्या काहिली बैलगाड्यांतून आणवल्या. एकेका काहिलीत वीस मडक्यांचा रस मावेल एवढ्या. माणसं त्यांच्याभोवती जमून कौतुकानं थापट्या मारू लागली.

धाकूनं एका काहिलीला हात लावून बघितलं. मग तो केरूला म्हणाला, "दादा, हे लोखंड हाय."

"मंग?"

"लोखंडात कात मरतो."

केरूला वाटलं, हे काहीतरी त्यांच्या देवाधर्मातलं असणार. धाकूनं त्याच्या कमरेचा कोयता मागून घेतला, शेजारच्या मडक्यातला कढत रस नारळाच्या करवंटीत घेतला आणि कोयत्याचं पातं त्यात बुडवून ठेवलं. वड्या पाडणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या, त्यांत गोदाही होती. पान खाऊन होईल एवढ्या वेळानं धाकूनं पातं वर काढलं. करवंटीतला रस शाईसारखा काळा झाला होता.

केरू ती करवंटी हातात धरून तसाच शेटकडे गेला. शेट नव्या काहिली चुलीवर चढवून घेत होता. त्यानं करवंटीत नजर टाकली.

"कोयता गंजका असेल तुझा."

"नाय शेट, कालच घासलाय. धाकू म्हणतो..."

"केरू," शेट शांतपणे म्हणाला, "मी तुला मुकादम केला तो कातोड्याचं ऐकून मला शिकवायला नव्हे. त्याला मडकी पाहिजेत, कारण मडक्यांशिवाय त्याला विचारतो कोण? काहिली आल्या की कोणीही शिजवील. समजलं?"

आता केरूनं आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं. निदान एकच काहील लावून बघू, एवढं तरी. ते त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण शेटच्या शेजारी बंदरावरचा कारकून उभा होता, त्याच्यासमोर आपला पाणउतारा झाला याचीच केरूला जास्त लाज वाटली. त्यानं करवंटी ओढ्यात रिकामी केली आणि येऊन सांगितलं, "काहिली पेटवा."

पहिल्या दोन दिवसांचा माल चांगला निघाला. काहिलींना आतून जळलेल्या गुळाची जाड पुटं होती, त्यांनी लोखंड झाकलं होतं. शेटनं एक लाल वडी उचलून केरूच्या हातावर ठेवली आणि नुसता हसला. केरूनं ती धाकूला नेऊन दाखवली. धाकूनं वडी जिभेला लावली आणि म्हणाला, "अजून वायच थांब."

तिसऱ्या दिवसापासून पुटं सुटू लागली. डोणीतला रस तपकिरी, मग काळपट, आणि आठवड्याच्या अखेरीस विहिरीच्या तळच्या गाळासारखा. शेट म्हणाला, वाळला की उजळेल. वाळला तसा तो आणखी काळा पडला. तोवर तीन आठवड्यांचा माल झाला होता आणि गोवळकोटच्या बंदरात मचवा येऊन थांबला होता. शेट एका दुपारी स्वतः शेडमध्ये आला आणि केरूला म्हणाला, "मागच्या हंगामातला लाल माल थोडा शिल्लक आहे ना? तो वर लाव. खाली हा."

केरूनं पेट्या भरल्या. स्वतःच्या हातांनी भरल्या, कारण दुसऱ्या कोणाला हे काम सांगायची त्याला लाज वाटली. तळाशी काळ्या वड्या, वर पळसाची पानं, त्यावर दोन थर लाल.

महिन्याभरानं सगळ्या पेट्या परत आल्या. त्यांच्याबरोबर व्यापाऱ्याचा माणूसही आला, आणि तो बोलत होता ते फसवणुकीचं, दाव्याचं, कोर्टाचं. शेटनं त्याला घरी ठेवून घेतलं, चांगलंचुंगलं खाऊ घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केरूला बोलावणं आलं. या खेपेला ओटीवर बसायला सांगितलं नाही. केरू अंगणात उभा राहिला; व्यापाऱ्याचा माणूस आतल्या खोलीत होता.

"माल कोणीतरी मुद्दाम नासवलाय," शेट म्हणाला. "रसात काहीतरी पाला टाकून. काहिली आल्या हे ज्याला खुपलं त्यानं. मी त्यांना तसं सांगितलंय. तू पाहिलं असशील."

केरूला आधी उमगलंच नाही. मग उमगलं.

"शेट, म्या पाह्यला नाय."

"मग पेट्या कोणी भरल्या ते त्यांना सांगावं लागेल. वर लाल, खाली काळा. तो माल कातोड्यानं नाही भरला, तू भरलास. आत जाशील तो तू जाशील." शेटनं आवाज आणखी खाली आणला. "आणि कारखाना बंद होईल तो वेगळाच. साठ माणसं तुझ्या शब्दावर मुंबईचं काम सोडून इथं बसलीत. त्यांना तू काय सांगणार? धाकूला काय, दोन-तीन महिने होतील. त्यांना रानात काय, तुरुंगात काय, सारखंच."

साठ माणसं केरूच्या शब्दावर बसली नव्हती. दहा बसली होती. पण त्या घटकेला केरूला साठांचा आकडाच खरा वाटला, कारण त्या आकड्यामागे लपायला जागा होती.

घरी आल्यावर त्यानं गोदाला सांगितलं. सांगावं लागलंच, कारण करवंटीत कोयता बुडवला तेव्हा ती तिथं होती.

"फौजदार येईल. तुला कोणी इचारलान तर तू काय बगितलं नाहीस."

"म्या बगितलंय."

"ठावं हाय मला. म्हणून तर सांगतोय."

गोदानं पाण्यानं भरलेली कळशी चुलीशी ठेवली. "त्यानं तुमास्नी आधी सांगितलान. समद्यांच्या देखत सांगितलान."

"साठ माणसांच्या भाकरीचा सवाल हाय."

"त्येची बी हाय त्यांत," ती म्हणाली. "साठांत त्येची नाय काय?"

दुसऱ्या दिवसापासून गोदा कारखान्यात गेली नाही. तिला कोणी काही विचारायलाही आलं नाही. बाकीच्या बायकांनीही ती करवंटी पाहिली होती, पण त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं असावं.

तालुक्याच्या कचेरीत केरूनं सांगितलं की धाकू कातकऱ्याला मी काहिलीत कसलातरी पाला टाकताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कसला पाला, हे विचारल्यावर त्याला पटकन नाव सुचलं नाही. तो म्हणाला, "रानातला." तेवढं पुरलं. धाकू समोरच उभा होता. त्याला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का? तो म्हणाला, "लोखंडात कात मरतो." कोणीतरी हसलं. त्याला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि रत्नागिरीला नेलं.

चार दिवसांनी सकाळी मैना केरूच्या अंगणात आली. एकटीच होती. पाठीवर बांधलेलं फडकं, हातात काठी. ती आपल्याला शिव्या घालायला आली असं वाटून केरू आतच थांबला. गोदा बाहेर गेली.

"रत्नांग्री कंच्या अंगाला, बाय?" मैनानं विचारलं.

गोदानं मागं वळून केरूकडे बघितलं. आता त्याला बाहेर यावंच लागलं. त्यानं हात करून दक्षिणेची दिशा दाखवली. "सडकेनं सरळ जा. संगमेश्वर लागेल. तिथनं फुडं इचार."

"किती दिस?"

"दोन. तीन लागतील तुला."

मैनानं मान हलवली. गोदानं तिला भाकरी आणि सुकं बोंबील बांधून दिलं. ते फडक्यात टाकून ती निघाली. तिला तुरुंगात कोणी भेटू देईल का, कधी देईल, हे केरूला माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. त्यानं ते सांगितलं नाही. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत गोदा उभी राहिली, आणि मग गोठ्यात गेली.

व्यापाऱ्याचं समाधान झालं आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. शेटनं मुकाट्यानं काहिली उतरवून बाजूला टाकल्या आणि मडकी मागवली. लोखंडाचं त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण आता चुलीशी धाकू नव्हता, आणि बाकीचे कातकरी त्याला नेलं त्याच दिवशी खोपटी सोडून अलोऱ्याच्या बाजूला निघून गेले होते. केरूनं स्वतः पळसाच्या पानावर थेंब टाकून बघितले. त्याला सगळे थेंब सारखेच दिसायचे. एक घाणा कच्चा उतरला तर दुसरा करपला. वड्या हातात भुगा होऊन येत. होळीपर्यंत शेटनं वाट बघितली, आणि एक दिवस कारकुनाच्या हाती निरोप धाडला की उद्यापासून टोला देऊ नये.

केरूनं माणसांना ते सांगितलं तेव्हा ती आपापले कोयते उचलून पांगू लागली. बाबल्या तेवढा पुढं आला.

"मुकादम, आता मी काय करू?"

"मुंबईला चल. मी पन येतोय. जॉबरला भेटू."

"आनि त्या धाकूला आत घातलास ते कशापायी?"

"कारखाना चालावा म्हणून."

बाबल्यानं रिकाम्या डोणींकडे बघितलं आणि तो चालू लागला. मुंबईला तो गेला, पण केरूबरोबर गेला नाही.

मुंबईत केरू सहा महिने होता. गिरण्यांतून उलट माणसं कमी करत होते. गिरणीत माणसं लावणारा जुना जॉबर त्याला ओळखून चहा पाजायचा, आणि म्हणायचा, "तुझे साचे तू हातानं सोडलेस रे. आता दाराशी उभा राहा, दिवस मिळाला तर मिळाला." केरू दाराशी उभा राहिला. चाळिशीकडे झुकलेला माणूस विशीतल्या पोरांच्या रांगेत. तिथं त्याला बाबल्याही दिसायचा, दहा-पंधरा माणसं सोडून पुढं. दोघं एकमेकांना बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे. महिन्याला चार-पाच दिवस काम लागायचं. पोटाचा आजार जडला तेव्हा केरू आगबोटीनं परत आला.

गावी पोचला तेव्हा पाऊस सरत आला होता. दाभोळहून लाँचनं वर येताना त्याला डोंगर ओळखू येईना. खैर सगळा गेला होता, आणि त्याबरोबर ऐन, किंजळ, जे काही होतं ते. तळेवाडीच्या वरच्या अंगाला ठिकठिकाणी निळा धूर उठत होता. गोदानं सांगितलं, शेटनं आता कोळशाचं काम काढलंय. तोडीच्या कराराला अजून एक वर्ष बाकी आहे, तोवर उरलंसुरलं, मुळ्या-खोडांसकट सगळं कोळसा करून मुंबईला धाडायचं. ती स्वतः खोताकडे गवत कापायला जात होती. तिचे हात लाली जाऊन कधीच पूर्वीसारखे झाले होते. घरात काही नव्हतं असं नाही, पण जे होतं ते तिच्या कापणीचं होतं. ती त्याला वाढायची आणि काही विचारायची नाही.

आठ दिवसांनी केरू शेटकडे गेला. शेट जणू काही झालंच नाही अशा सुरात बोलला.

"आलास? बरं झालं. पण मुकादम नको मला आता. कोळशाला फार माणसं लागत नाहीत. भट्टी लावायला एक जाणता पाहिजे, तो आहे. त्याच्या हाताखाली माणूस कमी पडतोय. त्यालाच विचार."

"कोण हाय?"

"धाकू," शेट म्हणाला, आणि पान लावू लागला. "सुटून आला तसा मीच बोलावून घेतला. कसबी माणूस आहे."

केरू डोंगर चढून गेला. कापलेल्या खोडांतून वाट काढत जावं लागत होतं. वर सपाटीवर लाकडाचे रचलेले ढीग होते, त्यांवर पाल्याचा आणि मातीचा थर, आणि थरातून बारीक धूर. धाकू एका ढिगाभोवती फिरत होता. तो वाळला होता, एक पाय ओढत चालत होता. मैना कुठं दिसली नाही. नंतर केरूला समजलं की ती रत्नागिरीहून परत आलीच नाही. वाटेत कुठं ताप आला म्हणे, कोणी म्हणालं पाली, कोणी म्हणालं हातखंबा. नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं.

धाकूनं केरूला येताना पाहिलं आणि तो फिरत राहिला.

"शेटनं धाडलान," केरू म्हणाला. "कामाला."

धाकूनं ढिगाच्या एका बाजूला तळहात धरून ऊब बघितली.

"धाकू, कचेरीत मी खोटं बोललो."

"मी हुबा व्हतो की तिथं," धाकू म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग असा नव्हता. कुठलं झाड कुठं होतं हे सांगावं तसा तो बोलला. "मला सांगून काय व्हनार?"

केरूला वाटलं होतं, तो थुंकेल, हाकलून देईल, निदान मैनाचं नाव काढील. त्यातलं काहीही तो सोसायला तयार होऊन आला होता. आता काय करावं हे त्याला कळेना. तो तिथंच उभा राहिला. धुरानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळेच आलं असं धाकूला वाटावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना.

"हितं फट पडलीय," धाकू ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला. "वारा शिरला तर राख व्हईल समद्याची. वल्ली माती आन."

केरूनं घमेलं उचललं. माती ओढ्यावरनं आणावी लागत होती, आणि ओढा बराच खाली होता. दिवसभरात त्यानं किती खेपा केल्या असतील कोण जाणे. धाकू फक्त कुठं टाकायची ते दाखवायचा. दुपारी अलोऱ्याहून परतलेली कातकरी माणसं सावली धरून भाकरीला बसली, पण केरूला कोणी ये म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा गोदा भाकऱ्या थापत होती. त्याच्या अंगावरचा काळा धुरळा बघून ती समजली.

"त्येला सांगितलंत?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"माती आन म्हणला."

गोदानं तव्यावरची भाकरी उलटली. "मंग उद्याच्याला लवकर जा," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी ताट घेतलं.